फाटकावरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. साबणाच्या कारखान्याच्या फाटकाशी पत्र्याची केबिन आहे ना, तिथे मी असते. या, बसा म्हटलं असतं, पण सध्या माझ्यावर धूळच बसली आहे.

मला कारखान्याच्याच सुताराने खोक्यांच्या फळ्यांपासून बनवलं. जमिनीवर ठेवल्याबरोबर मी डुगडुगले. "एक पाय आखूड राहिला की गं तुझा!" असं म्हणत त्याने पुठ्ठ्याची घडी पायाखाली सरकवली. झालं! त्या पायावरून मला पुढे कोणी अवाक्षर बोललं नाही.

माझ्यावर पहिले बसले ते फाटकवाले काका. यंत्रात त्यांचा हात गेला, तेव्हा मालकांनी त्यांना हे बसून करायचं काम दिलं. तेव्हापासून जायबंदी कामगाराला फाटकावरची खुर्ची, अशी रीतच पडली. येणारे-जाणारे कौतुक करत आणि मला भारी अभिमान वाटे.

काकांची निवृत्ती जवळ आली, तेव्हा साबण गुंडाळणारी एक बाई लंगडत केबिनपाशी आली. तिचा पाय लहानपणापासून अधू. गुंडाळणीच्या खात्यात बायका दिवसभर उभ्यानेच काम करतात. फाटकाचं काम मला द्या, असं तिने मुकादमाला विनवलं.

"बाई आणि फाटकावर? ट्रकवाले काय काय बोलतात, ठाऊक आहे ना? इथे पुरुषच हवा."

"मग आत तरी बसून काम करू द्या."

"तुला एकटीला बसवलं तर बाकीच्या माझं डोकं खातील. अगं, आम्ही बायकांना काम देतो, अपंगांनाही देतो. आणखी काय करायचं?"

"साहेब, मी दोन्ही आहे."

मुकादम हसला. "आणि वर नाल्यापलीकडच्या वस्तीतली! तुम्ही काटक माणसं, तुम्हाला कसलं आलंय दुखणं!"

मग तिने बायकांच्या पुढारी ताईंना गाठलं. "हे अपंगांचं काम, काकांना विचार," ताई म्हणाल्या. काका म्हणाले, "पोरी, बायकांचं सगळं ताईच बघतात." दोघंही मनाने वाईट नव्हते हो! पण ती मधल्या मध्ये लटकली आणि मी नुसती ऐकत राहिले. लाकडाला कुठली आली जीभ?

काका निवृत्त झाले आणि मी रिकामी झाले. त्याच सुमारास ऑफिसातल्या मॅडमचा पाय मुरगळला. लगेच मला वर नेलं, उशी घातली आणि त्यांचा पाय माझ्यावर ठेवला. घडीघडीला विचारपूस, चहा! त्यांचा पाय खरंच दुखत होता, खोटं कशाला बोलू? पण त्याही बाईच ना, मित्रांनो?

त्या बऱ्या झाल्या आणि मी परत केबिनमध्ये आले. एका दुपारी ती साबण गुंडाळणारी बाई कळवळत आत आली आणि जराशी टेकली. "ऊठ!" मुकादम बाहेरून ओरडला. ती उठली. मला तिला धरून ठेवता आलं नाही.

अखेर उभं राहवेना, म्हणून तिने काम सोडलं. जाताना ती केबिनमध्ये डोकावली. माझ्या पायाखालची घडी निसटली होती. ती कशीबशी वाकली, पुठ्ठा नीट सरकवला, मला हलवून पाहिलं आणि लंगडत फाटकाबाहेर गेली.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगही देऊ नका. कुठे रिकामी खुर्ची दिसली, तर आसपास कोण उभं आहे तेवढं बघा. मला हाक मारता येत नाही. तुम्हाला येते.