डावा मोजा

वीस वर्षं बाइंडिंग करणाऱ्या या बाबाने हजारो पुस्तकं शिवली, पण वाचलं एकही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याची नजर फक्त पानांच्या आकड्यांवर: सोळानंतर सतरा आलं, की हा टाके घालायला मोकळा. आठ वर्षांच्या लेकीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकायचीच नाही. तिच्यापुढे पुस्तक धरणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ही पण आपल्यासारखीच कोरडी राहणार, याची त्याला मनातून फार धास्ती होती.

त्या दिवशी शाळेला सुट्टी, म्हणून स्वारी दुकानात. ग्रंथालयाची दोन फाटकी बालपुस्तकं त्याने नुकतीच नव्या पुठ्ठ्यात बांधली होती. पाचला परत द्यायची होती. भिंगरीने दुसऱ्यांदा खळीच्या डब्यात हात घातला, तेव्हा वैतागून त्याने एक पुस्तक उघडलं आणि तो मोठ्याने वाचू लागला.

छत्र्या दुरुस्त करणाऱ्या अस्वलाचा डावा मोजा हरवला होता. तो शोधायला अस्वल पलंगाखाली शिरलं, बाबा समोरच्या पानावर गेला, आणि कप्तान आजी ओरडली, “शिडं सोडा!”

“आजी कुठून आली?” भिंगरीने विचारलं.

त्याने आकडे पाहिले. सोळा, मग सतरा. चोख! मग त्याने दुसरं पुस्तक उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं. दोन्ही पुस्तकं बत्तीस पानांची, आणि त्याने त्यांचे उत्तरार्ध अदलाबदल करून शिवले होते. आकडे बरोबर, गोष्टींचे तीनतेरा.

“थांब, उसवतो.”

“आधी पुढे वाच ना, बाबा!”

आजीच्या पायात एकच मोजा होता. उजवा.

भिंगरी टुणकन उडाली. “इथेही डावाच हरवलाय! ही दोन्ही एकाच माणसाने लिहिलीयेत!”

“काहीतरीच. मोजे काय, कुणाचेही हरवतात.”

“दोघांचाही डावाच? लाव पैज!”

त्याने दोन्हींची पहिली पानं उघडली. एकाच बाईंचं नाव! आपली पोर पैज जिंकली, याचा आनंद त्याच्या पोटात मावेना.

मग दोघं कामाला भिडली. तो उसवायचा, ती पानं जुळवायची. या वेळी आकडे त्याने पाहिले आणि गोष्ट तिने.

पाचला पाच मिनिटं कमी असताना दोघं धापा टाकत ग्रंथालयात पोचली.

“हे लिहिणाऱ्या बाईंची आणखी पुस्तकं आहेत का?” भिंगरीने ग्रंथपालबाईंना विचारलं.

“आहेत की, नऊ!”

“नऊ!” तिने एक पुस्तक जवळजवळ हिसकावलंच आणि पायरीवर फतकल मारली. दहा मिनिटं झाली तरी भिंगरी जागची हलली नाही. शेवटी बाबालाच राहवेना.

“यात कुणाचा हरवलाय गं?”

“स्वतः वाच ना, बाबा,” ती मान वर न करता म्हणाली.

तो आत गेला आणि त्याने दुसरं पुस्तक मागितलं.

“कुणासाठी?” बाईंनी विचारलं.

“माझ्यासाठी,” तो म्हणाला, आणि आकड्यांकडे न बघता त्याने पहिलं पान उघडलं.