टाकीतला ताव

फिन्टनने दोन संसार मांडले, एक बायकोशी आणि दुसरा प्लास्टिकशी, असं आम्ही डब्लिनच्या प्रयोगशाळेत त्याच्या तोंडावर म्हणायचो. तो हसायचा. डर्व्हला ही त्याची मुलगी मात्र हसत नसे. बाप भेटणार तर इथेच, म्हणून तीही आमच्यातच कामाला लागली होती.

उपग्रहावर आम्ही प्लास्टिकचे ताव थरावर थर रचून पाठवले होते. दूरवरून आलेलं जड अणुकेंद्रक त्यातून गेलं की न दिसणारी जखम ठेवतं. ताव गरम कॉस्टिक सोड्यात बुडवला की जखम बाकीच्या प्लास्टिकच्या आधी झिजते, शंकूसारखी खोल होते, आणि त्या खोलीवरून केंद्रक कशाचं ते कळतं. उपग्रह वर्षभराने परतायचा होता, पण आणायला यानच मिळेना. तो सहा वर्षं फिरत राहिला आणि इकडे फिन्टन खंगला.

अखेर उपग्रह परतला आणि एका तावात भलं मोठं भोक सापडलं. युरेनियम असावं, पण खात्री खालच्या तावावरूनच होणार होती. फिन्टन तेव्हा हॉस्पिसमध्ये शेवटचे दिवस मोजत होता. कळलं की सांगा, एवढंच तो येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणे.

रविवारी डर्व्हला एकटीच सोड्याच्या टाकीजवळ होती. आत बुडवलेला तो खालचा ताव संध्याकाळी काढायचा होता. उशीर झाला तर सोडा सगळंच खातो, मोजायला काही उरत नाही. दुपारी हॉस्पिसमधून फोन आला, तशी ती कोटही न घालता धावली.

पुढचं तिनेच मला सांगितलं. फिन्टनने डोळे उघडून विचारलं, "टाकीजवळ कोण आहे?"

"कुणी नाही, डॅडी."

"मग इथे काय करतेस? अजून बस मिळेल. जा."

"जाऊ दे तो ताव. मी बसते तुझ्यापाशी."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. ती उठली नाही. सोमवारी सकाळी तो तसाच गेला.

मी टाकीतून ताव काढला, तर हातात नुसती चाळण आली. ते युरेनियम होतं की आणखी काही, आता कुणालाच कळणार नाही. पण मला राग त्याचा नव्हता, त्या मेलेल्या म्हाताऱ्याचा होता.

अंत्यविधीनंतर चहा आणि हॅम सँडविच घेत सगळे फिन्टनचे किस्से सांगत होते. मी डर्व्हलाला कोपऱ्यात गाठून म्हणालो, तू थांबलीस ते बरं केलंस.

"मी टाकीकडे जाऊन आले असते ना," ती म्हणाली, "तर तो माझ्याशी बोलला असता."