तिसरा साहेब

जावयाला पकडलं ते त्याच्या पिशवीमुळे. पिशवीत वायरी, बॅटऱ्या, टेस्टर. आता इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत काय फुलं असणार? पण परक्या फौजेला वाटलं, हा पुलाखाली बॉम्ब लावणाऱ्यांतला. मुलीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. ती रडत माझ्याकडे आली आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

माझं शिवणकामाचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. फौजेचा साहेब गल्लीत फेरीला आला की गिऱ्हाइकांच्या स्टुलावर टेकायचा, दुभाषा बाजूला उभा. पहिला साहेब चांगलाच उंच, मुलीने त्याचं नाव शिडी ठेवलं. शिडीला मी सगळं सांगितलं. त्याने मान डोलावली, चौकशी लावली, आणि चौकशी अर्ध्यावर असताना त्याची मुदत संपली. त्यांच्यात तशीच पद्धत, माणूस जरा रुळला की परत बोलवायचं.

मग आला चष्मेवाला. पाटी कोरी. घरात कोण कोण, नवरा कधी वारला, समोर कोण राहतं, सगळा पाढा मी परत वाचला. मशीनवर पाय मारत होते म्हणून राग तरी त्यात जिरला. आभाळातून ह्यांना म्हणे शेळीची शिंगंसुद्धा दिसत. पण समोरच्या किराणावाल्याचा मेहुणा डोंगरातल्या बंदूकवाल्यांचा पुढारी, हे गल्लीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं आणि ह्यांना नव्हतं. मी कशाला सांगू? फौज आज ना उद्या जाणार. किराणावाला कुठे जाणार होता?

चष्मेवाल्याला मात्र हळूहळू गल्ली कळायला लागली. कुठे बसावं, काय विचारू नये, सगळं. आणि मग तोही गेला.

तिसरा अगदी तरणाताठा, उन्हाने लालबुंद. मुलगी म्हणाली, टोमॅटो. मी कपाळावर हात मारून पुन्हा घरात कोण कोण इथपासून सुरुवात केली. पण पोराला कामाचा उरक भारी. एका सकाळी फौजेची गाडी गल्लीत घुसली ती थेट माझ्या दारात थांबली. टोमॅटो उतरला आणि त्याच्यामागून जावई, वाळून काडी झालेला. टोमॅटोने सगळ्यांदेखत त्याच्याशी हात मिळवला, वर पाठ थोपटली.

मुलगी धावली. मी जागची हलले नाही. समोर किराणावाल्याचा पुडी बांधणारा हात थांबला होता.

चष्मेवाल्याला मी परोपरीने बजावलं होतं की सोडाल तेव्हा त्याला बाजारापाशी सोडा, चालत येऊ दे. तुमच्या गाडीतून उतरला तर लोक म्हणतील, कुणाचं तरी नाव सांगून सुटला. चष्मेवाल्याला ते पटलंही होतं. टोमॅटोला विचारलं तर म्हणाला, आधीचे साहेब आपल्याला भेटलेच नाहीत, ते सकाळी निघाले, आपण दुपारी पोचलो. माझा चेहरा बघून तो बिचारा गडबडला. घाबरू नका, आम्ही आहोत ना, असं त्याने दुभाष्याकडून सांगितलं.

"किती दिवस?" मुलीने विचारलं.

दुभाष्याने ते त्याला सांगितलंच नाही. तो इथलाच होता. टोमॅटो हसत चहा प्यायला आणि गेला. त्याचा राग येत नाही, ह्याचंच मला वाईट वाटतं.

दुपारी किराणावाला मागच्या दाराने आला. बसला नाही.

"वहिनी, मेहुणा उद्या खाली येतोय. मला विचारेल, गाडी कुणाच्या दारात थांबली म्हणून. त्याच्याशी खोटं बोलून मला इथे राहता येणार नाही."

म्हटलं, भाऊजी, हा कुणाचं नाव घेणाऱ्यातला नाही, तुमच्या दुकानातले दिवे त्यानेच लावलेत. म्हणाला, मला माहीत आहे. आणि मान खाली घालून तसाच उभा राहिला. त्याच्या जागी मी असते तरी दुसरं काय केलं असतं?

उजेड होता तोवर निघालो. मशीन उचलवेना, ते तिथेच राहिलं. ज्या सुटकेसाठी मी तीन साहेबांच्या विनवण्या केल्या, ती झाल्यावर जावई त्या घरात एकदाच जेवला.