टाकलेला शब्द

कॅप्टनबाईंनी फोन उचलला, खाली ठेवला, आणि पुन्हा उचलून मुख्य वैमानिकांचा नंबर लावला.

"सर, माझ्या नणंदेचा जावई आज मुलाखतीला येतोय ना?"

"येतोय काय, आलाय! बाहेर बसलाय. तुम्ही शब्द टाकलात, आता काळजी कसली? सिम्युलेटरवर जुजबी बघतो आणि मोकळा करतो."

नेमकं हेच त्यांना नको होतं. जावई वैमानिक, पण त्याची आधीची विमान कंपनी बंद पडल्यापासून तो घरीच होता. नणंद दारात येऊन म्हणाली होती, "तुझ्या एका शब्दाचं काम आहे गं." मुलं लहान असताना बाई विमान घेऊन परगावी मुक्कामी असत, तेव्हा याच नणंदेनं त्यांचे डबे भरले होते, तापात उशाशी बसली होती. नाही म्हणायला जीभ रेटली नाही.

"जुजबी नको, सर. माणूस चांगला आहे, एवढंच मला ठाऊक. त्याच्याबरोबर मी कधी विमान उडवलेलं नाही. अनोळखी माणसाला तपासता तसं तपासा. थोडं जास्तच."

"बघा हं. नापास झाला तर माझ्याकडे यायचं नाही."

"नाही येणार."

फोन ठेवल्यावर त्यांनी चहा मागवला आणि तो तसाच निवू दिला. तो नापास झाला तर नणंदेला काय सांगायचं, याची वाक्यं त्या मनात जुळवत होत्या. एकही धड जुळेना.

दुपारी फोन आला तेव्हा त्या जिन्यात होत्या.

"तुमच्या पाहुण्याला चांगलाच घाम फोडला," मुख्य वैमानिक म्हणाले. "उतरताना एक इंजिन बंद केलं, वर आडवा वारा सोडला. पहिल्या खेपेला विमान काही रेषेत येईना. मला वाटलं, आता ओढूनताणून टेकवतोय. पण गड्यानं सरळ वर उचललं. फेरी मारून आला आणि अलगद उतरवलं. सोमवारपासून येऊ दे."

कॅप्टनबाई गणवेशातच पायरीवर बसल्या. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत. मग त्यांनी नणंदेला फोन लावला.

"वन्सं, झालं हो काम."

"नीट तपासलं ना गं त्याला?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! तुला शब्द टाकायला लावला मीच, आणि मग जिवाला घोर लागला. तुझ्या भिडेखातर तसाच घेतला तर? माझी पोरही बसणार ना त्याच्या विमानात. सकाळी दोनदा फोन हातात घेतला, पण तुला सांगू कोणत्या तोंडानं?"

कॅप्टनबाईंना हसू आवरेना. डोळे पुसत त्या म्हणाल्या,

"पिळून काढलाय त्याला, वन्सं."

"मग बरं झालं बाई. ठेव आता. सकाळपासून पोटात काही नाही माझ्या."