एक आत, एक बाहेर

बरणीचं झाकण शोधायला सूनबाईंनी फळीवर हात घातला आणि अख्खा पसारा धडाधड अंगावर आला. डब्याविना झाकणं, झाकणांविना डबे आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेल्या रिकाम्या बाटल्या. कपाळावर टेंगूळ आलं. टेंगूळ चोळतच त्यांनी कंबर कसली. “आजपासून या घरात एक वस्तू आली, की एक बाहेर जाणार. कुणाचीही गय करणार नाही!”

‘फुकट ते पौष्टिक’ हा नवऱ्याचा बाणा. संध्याकाळी स्वारी दारात हजर, बगलेत नवे डबे.

“तिनावर तीन फुकट मिळाले गं!”

“तिथेच थांबा. आधी सहा जुने बाहेर जातील, मग हे आत येतील.”

“अगं, शेजारी बघताहेत!”

“बघू देत. हवे असतील तर जुने त्यांनाच देऊन टाका.”

नवऱ्याने केविलवाणा चेहरा करून आईकडे पाहिलं. “आई, तू तरी सांग हिला!”

भाजी निवडता निवडता सासूबाईंनी मान वर केली.

“हा नियम मला आधीच सुचायला हवा होता. ही घरात आली, त्याच दिवशी तुला बाहेर काढला असता.”