वीस इंचांची बैठक

आमच्या घरामागची जागा चौदा फूट रुंद आणि बावीस फूट लांब आहे. वसमतमध्ये एवढ्या जागेत लोक मोडकी सायकल, पाण्याची टाकी आणि जुन्या पत्र्यांचा ढीग ठेवतात. आम्हीही सतरा वर्षं तेच केलं. यंदा मार्चमध्ये मी तिथे बाग करायचं ठरवलं. आलेखाचा कागद घेतला, एका फुटाला एक सेंटिमीटर असं प्रमाण धरलं आणि तीन रविवार सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी चारला सावली कुठवर येते ते मोजून कागदावर मांडलं.

देविदास, म्हणजे माझे यजमान, एसटीत वाहतूक नियंत्रक आहेत. ते चहाचा कप घेऊन नकाशावर वाकले.

"आमच्या स्टँडचासुद्धा एवढा बारीक नकाशा नाही," ते म्हणाले. "पण भिंतीत हे काय दाखवलंय?"

"खिंडार."

"नकाशात खिंडार कोण दाखवतं? बाग करायची म्हणजे आधी ते बुजवायचं असतं."

"ते तसंच ठेवायचंय," मी म्हणाले. "फरशीची वाट तिथूनच सुरू होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं आणि चहा संपवला.

आमच्या आणि शेजारच्या घरामधली भिंत नऊ वर्षांपूर्वी मधोमध पडली. तीन फुटांचं खिंडार झालं. तेव्हापासून शेजारच्या शरीफाआपा रोज चार वाजता त्यातून चहाला येतात. पुढच्या दाराने यायचं तर गल्लीला वळसा पडतो आणि तीन पायऱ्या चढाव्या लागतात. त्यांच्या गुडघ्यांना ते जमत नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे की जमिनीवर बसायचं नाही, बुटक्या ओट्यावर बसायचं नाही, पाय काटकोनात राहतील अशा उंच जागी बसायचं. ते सांगत होते तेव्हा मी सोबत होते आणि लिहून घेत होते.

आता बागेचं कारण सांगते. आपांचा मुलगा कामरान पुण्याला नोकरीला आहे. आपांचे यजमान अल्लाबक्षभाई वारल्यापासून चार वर्षं तो आईला म्हणतो आहे, तिकडे चला. यंदा त्याने दिवसच ठरवला: बकरी ईदला यायचं आणि परतताना अम्मीला घेऊन जायचं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चौथा मजला, पण लिफ्ट आहे. दवाखाना जवळ आहे. एकटी आई आणि दोन दुखरे गुडघे, यावर कोणताही मुलगा हेच म्हणेल. मला मात्र आपा जायला नको होत्या. असं काही तोंडाने बोलणं मला जमत नाही. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. मला आकृती काढता येते.

"मॅडम, हे काय चाललंय?" खिंडारातून काठी आधी आणि आपा नंतर, अशा त्या आल्या. एरवी त्या मला रीता म्हणतात आणि तू म्हणतात. चिडवायचं असलं की मॅडम आणि तुमी.

"बाग करते आहे."

"व्हय? मंग इथं काय येणार?" त्यांनी काठीच्या टोकाने नकाशातला सर्वांत मोठा चौकोन दाबला.

"लॉन."

"लॉन म्हणजे?"

"गवत. हिरवं, बारीक."

आपांनी काठी नकाशावरून उचलली. मग म्हणाल्या, "म्हणजे हरळी."

"लॉनचं गवत वेगळं असतं, आपा."

"अगं, आमी जन्मभर वाकून वाकून हरळी उपटली. आमचे गुडघे तिनंच खाल्ले. आन् तुमी शिकल्या-सवरल्या बाया तीच नांदेडहून आणून लावून राहिल्या?"

नर्सरीवाल्याने दाखवलेलं गवत हरळीच्याच जातकुळीतलं होतं. शास्त्राच्या दृष्टीने आपांचं बरोबर होतं, पण ते त्यांना सांगायची गरज नव्हती.

एप्रिलच्या शेवटी दगडोबा मिस्त्री आले. खिंडारापासून लिंबाच्या झाडापर्यंत शहाबादी फरशीची वाट, मध्ये कुठेही पायरी नाही, उंचवटा नाही. वाटेच्या टोकाला लिंबाच्या सावलीत विटांची बैठक. तिची उंची मी वीस इंच सांगितली, तेव्हा दगडोबांनी थापी खाली ठेवली.

"ताई, पंधरा इंच बास हाय."

"वीस."

"अहो, तुमची उंची बघा. तुमचे पाय लोंबतील. झोका बांधला काय असं वाटंल."

"वीसच इंच करा."

"कोण तहसीलदार येणार हायेत काय बसायला?"

मी टेप लावून भिंतीवर खूण केली. दगडोबा विटा रचताना स्वतःशी हसत होते. आपा खिंडारात उभ्या राहून ऐकत होत्या आणि काहीच बोलल्या नाहीत, हे मला तेव्हा जरा विशेष वाटलं.

मातीचा प्रश्न आपांनीच सोडवला. "आमच्या मळ्यातली न्या," त्या म्हणाल्या. कुरुंद्याच्या रस्त्याला त्यांचा हळदीचा मळा आहे. तो जळबा वाट्याने करतो. मेच्या पहिल्या आठवड्यात जळबाने एक ट्रॉली काळी माती आणून टाकली. मी दगडोबांची वाळूची चाळणी मागून घेतली आणि दोन दिवस ती सगळी माती चाळली. खडे, मुळ्या, जुन्या हळदीचे तुकडे, सगळं बाजूला काढलं. आपा बैठकीवर बसून बघत होत्या. त्या उंच आहेत. त्यांचे पाय जमिनीला अगदी नीट टेकत होते, गुडघ्यात काटकोन. मी कोनमापक लावला नाही, पण नजरेला नव्वद अंश वाटला.

"मॅडम, माती चाळून राहिल्या का भाकरीचं पीठ?"

"खडे असले की गवत एकसारखं वाढत नाही."

"बराबर. आन् नंतर पापड लाटायचे का हिचे?"

माती पसरून झाली. गवत नांदेडहून पुढच्या आठवड्यात यायचं होतं. मधल्या चार दिवसांत मला कनेरगाव नाक्याला भाचीच्या लग्नाला जावं लागलं. आपा म्हणाल्या, "जा तू. मातीवर पाणी मी टाकते. नुसती बसून तर असते."

परत आले तेव्हा सगळं ठीक होतं. माती ओली होती, सपाट होती. फक्त आपांच्या काठीच्या रबरी टोपणाला काळी माती लागलेली होती, आतपर्यंत दाबून भरल्यासारखी. फरशीवरून चालणाऱ्या काठीला इतकी माती का लागावी, असं माझ्या मनात आलं. पण नांदेडचा टेम्पो आला आणि मी गवताचे चौकोन लावायला बसले.

चार वाजता आपा आता खिंडारातून थेट बैठकीवर यायच्या. चहा तिथेच. त्या पुण्याबद्दल बोलायच्या नाहीत आणि मी विचारायचे नाही. त्यांच्या घरात मात्र एक मोठी बॅग भिंतीला टेकून उभी होती. मी साखर मागायला गेले तेव्हा ती पाहिली होती. अर्धी भरलेली.

ईदच्या पाच-सहा दिवस आधी सकाळी मी पाणी घालत होते. लॉनमधून काहीतरी वर आलं होतं. हिरवं, टोकदार, विडीसारखं गुंडाळलेलं. एक नव्हतं. मी कोंब मोजले, एकतीस होते.

"देविदास, इकडे या."

ते दाढीचा साबण तसाच ठेवून आले, वाकले आणि ओरडून हसले. "अगं, हळद! हळदीच्या वसमतमध्ये राहून लॉन लावला आणि उगवली हळद!"

आपा आवाज ऐकून खिंडारात आल्या. त्यांनी कोंब पाहिले आणि हनुवटीला हात लावला.

"या अल्ला. मळ्यातली माती हाय ना. तुकडे ऱ्हायले असतील."

"मी चाळली होती, आपा."

"चाळणीतून काय बी जातं."

"पाव इंचाची चाळणी होती."

"मॅडम, हळदीला तुमचे इंच कळत न्हाईत," त्या म्हणाल्या आणि वळून गेल्या. एरवी त्या अशा विषयावर अर्धा तास तरी थांबल्या असत्या.

त्या गेल्यावर मी टेप आणला. मातीत राहिलेले तुकडे कुठेही उगवायला हवेत: खिंडाराजवळ, टाकीजवळ, कोपऱ्यात. तिथे एकही कोंब नव्हता. सगळे एकतीस बैठकीच्या समोर, अर्धवर्तुळात होते. सर्वांत लांबचा बैठकीपासून तीन फूट दहा इंचांवर. मी बैठकीवर चढून बसले, पाय लोंबकळत, आणि घरातली केरसुणी उलटी धरून बसल्या जागेवरून पुढे केली. माझा हात आपांच्या हातापेक्षा थोडा आखूड आहे, तो फरक धरला. जुळलं. बसलेल्या बाईची काठी जिथवर पोचते, हळद तिथवरच होती. काठीने भोक पाडायचं, बेणं टाकायचं, काठीनेच आत दाबायचं. वाकावं लागत नाही.

मी टेप गुंडाळला. कोणालाच काही सांगितलं नाही.

कामरान ईदच्या आदल्या दिवशी आला. तो माझा विद्यार्थी. बारावीला त्याने बेडकाच्या हृदयाची आकृती इतकी नेटकी काढली होती की ती मी अजून वर्गात दाखवते. ईद झाली, शीरखुर्मा आमच्याकडे खिंडारातून आला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची गाडी निघायची होती. आदल्या दिवशी चार वाजता तो आईबरोबर आमच्या बागेत चहाला आला. आपा बैठकीवर बसल्या. कामरान उभा राहून बघू लागला.

"अम्मी, ही हळद?"

"हळदच. मॅडमनं लॉन लावला, हे उगवलं. मळ्यातली माती." आपा माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "आता हळदीला मातीची भर कोण देणार? खत कधी टाकायचं, पाणी कधी तोडायचं, हिला काय ठावं? ही पुस्तकातली हळद शिकवती. पानं पिवळी पडली की घाबरून औषध मारंल."

"मग काढून टाकू या," कामरान म्हणाला.

"काढून?" आपांचा आवाज चढला. "उगवलेलं उपटायचं? तुझ्या बापाच्या मळ्यातलं हाय ते. निघंस्तोवर तरी कुणी बघायला पाहिजे का न्हाई?"

"निघायला किती दिवस?"

"नऊ महिने," आपा म्हणाल्या आणि चहा प्यायला लागल्या.

कामरानने चहा हातात तसाच धरला. मग तो माझ्याकडे वळला. तो मला खरोखरच मॅडम म्हणतो, चिडवायला नाही.

"मॅडम, खरंच मातीतून आली?"

मी सव्वीस वर्षं शिकवते आहे. मुलांना चुकीचं उत्तर मी कधी दिलेलं नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणते. आपांनी कप खाली ठेवला होता. काठी दोन्ही हातांत घट्ट धरली होती.

"माती तुमच्याच मळ्यातली आहे," मी म्हणाले.

हे खरं होतं. कामरानची नजर लॉनवरून फिरली: खिंडाराकडून टाकीपर्यंत, टाकीकडून बैठकीपर्यंत. मग आईच्या काठीवर आली.

"फक्त बैठकीसमोरच कशी?"

"निरीक्षण चांगलं आहे," मी म्हणाले.

वर्गात मी असं म्हणते तेव्हा पुढचं उत्तर मुलांनी स्वतः काढायचं असतं. कामरान अर्धवर्तुळाकडे बघत राहिला. नंतर तो फरशीच्या वाटेकडे बघू लागला. खिंडारापासून तिच्यावर कुठेच पायरी नव्हती. बैठकीकडे पाहिलं. आईचे गुडघे, टेकलेले पाय. त्याने माझे पाय पाहिले. मी आपांच्या शेजारी बसले होते आणि ते जमिनीपासून चार इंच वर होते.

तो हसला नाही. चहा संपवून म्हणाला, "मग मार्चमध्ये येतो. पण दर महिन्याला गुडघे दाखवायचे. मॅडम, तुम्ही नांदेडला घेऊन जाणार?"

"तारखा लिहून ठेवते."

"मार्चमध्ये मात्र काही ऐकणार नाही, अम्मी."

"मार्चचं मार्चमध्ये बघू," आपा म्हणाल्या. "बेणं तर ठेवावंच लागंल पुढच्या सालाला."

दुसऱ्या दिवशी कामरान एकटाच गेला. चार वाजता काठी खिंडारातून आली, मग आपा आल्या. काखेत काहीतरी फडक्यात गुंडाळलेलं होतं. त्या बसल्या आणि लॉनकडे त्यांनी नापसंतीने पाहिलं.

"हे गवत काढावं लागंल. हळदीला भर द्यायची तर मधी हरळी चालत न्हाई."

"सगळं?"

"सगळं न्हाई. काठी पोचती तेवढंच." मग दुसरीकडे बघत, "ही बैठक वीसच इंच काहून केली? दगडोबा पंधरा म्हणून राहिला होता."

"मोजण्यात चूक झाली," मी म्हणाले.

"तुझी? मोजण्यात?"

मी लिंबाच्या झाडाकडे बघितलं. आपांनी फडकं सोडलं. आत एक जुना शिसवी पाट होता, चार इंच उंचीचा. त्यांनी काठीने तो फरशीवरून सरकवत माझ्या लोंबकळत्या पायांखाली आणला.

"ठेव त्यावर. तहसीलदारीणबाई दिसून राहिली."

मी पाय ठेवले. पाट बरोबर बसला. मी मोजला नाही.