सात अक्षरांचा शब्द

इंग्रजी भाषेवर खरी सत्ता आमच्या स्केलबी गावाची आहे, असं माझं ठाम मत आहे. शेजारचं थॉर्नबी अकरा वर्षं आम्हाला शब्दस्पर्धेत हरवतंय, हा भाग वेगळा.

यंदा मात्र त्यांच्याच सभागृहात शेवटच्या फेरीपर्यंत बरोबरी होती. आमच्याकडून माझी बायको इनिड, समोर थॉर्नबीचे निवृत्त हेडमास्तर हॅदरस्टोन. बिस्किटांच्या डब्यातून सात अक्षरं निघाली: बी, ई, एल, एम, पी, आर, यू. किटलीतलं पाणी उकळेपर्यंत सातही वापरून एक शब्द करायचा.

"लंबर," हेडमास्तर म्हणाले. "म्हणजे लाकूडफाटा."

"सर, ही सहाच झाली," इनिड म्हणाली. "पी बिचारा बाहेरच राहिला."

हेडमास्तर छताकडे बघू लागले. मीही डोकं खाजवत होतो. किटली शिट्टी वाजवायच्या बेतात असताना इनिडने माझ्याकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि ओरडली, "प्लंबर!"

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. चाळीस वर्षं प्लंबिंग करून मला जे सुचलं नाही, ते तिला माझ्या तोंडावर दिसलं होतं.

"बर्नार्ड, इतक्या वर्षांत पहिल्यांदा उपयोगी पडलास बघ," ती म्हणाली. अभिमानाने छाती अशी फुगली, की मला कोटाचं बटण लावता येईना.

हेडमास्तर स्वतः करंडक घेऊन आले. "बाई, मानलं तुम्हाला," म्हणत त्यांनी तो इनिडच्या हाती दिला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आलाच आहात तर बायकांच्या बाथरूममधला नळ जरा बघता का? गळतोय."